अक्षरें तींच, शब्द अनेक

इंग्रजी भाषेची वर्णमाला अवघ्या सव्वीस अक्षरांची आहे. परंतु एवढ्या अल्प भांडवलावर त्या भाषेनें लाखों शब्दांचा संसार थाटला आहे. तींच तींच अक्षरें पुनःपुन्हां वापरल्यावांचून हा संसार चालणें शक्य नसल्यामुळें, एकाच अक्षरसमूहांतून दोन, चार, क्वचित् सहा शब्दही निघतात. दिलेल्या अक्षरांतून असे शब्द शोधून काढणें हा मुलांच्या, आणि खरें बोलावयाचें तर वडील मंडळींच्याही, आवडीचा खेळ झाला आहे. हा केवळ वेळ घालविण्याचा प्रकार आहे, कीं त्यापासून भाषाज्ञानास कांहीं साह्य होतें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ए, ई, एल, एस आणि टी हीं पांच अक्षरें घ्या. यांची मांडणी १२० प्रकारांनीं होऊं शकते. परंतु त्यांतील बहुतेक निरर्थक होत. सार्थ तेवढ्या निवडल्या तर ‘स्लेट’ म्हणजे पाटी, ‘स्टेल’ म्हणजे शिळें, ‘स्टील’ म्हणजे चोरणें, ‘टेल्स’ म्हणजे गोष्टी आणि ‘लीस्ट’ म्हणजे सर्वांत कमी, हे नित्य परिचयाचे पांच शब्द हातीं लागतात. ‘टील’ नांवाच्या लहान बदकाचें अनेकवचन धरिल्यास सहावा. मात्र पोलाद या अर्थाचा ‘स्टील’ येथें चालावयाचा नाहीं. त्यांत ई हें अक्षर दोनदां येतें आणि ए मुळींच येत नाहीं. उच्चार एक, पण अक्षरें निराळीं!

आमचीं मुलें चुकतात तीं नेमकीं येथेंच. देवनागरींत वाढलेलें मूल शब्द कानानें शोधतें. ‘कमल’चें ‘कलम’ किंवा ‘गरम’चें ‘मगर’ करितांना प्रत्येक अक्षर आपला ध्वनि बरोबर घेऊन जागा बदलतें. इंग्रजी अक्षराचें तसें नाहीं. स्वस्थ या अर्थाचा ‘सायलेंट’ आणि ऐकणें या अर्थाचा ‘लिसन’ यांचीं सहाही अक्षरें एकच; परंतु पहिल्यांत टी स्पष्ट ऐकूं येते, तर दुसऱ्यांत ती लिहिलेली असूनही मुकाट बसते. म्हणून हा शोध कानानें नव्हे, डोळ्यांनीं करावयाचा, हें मुलांस आधींच सांगून ठेवावें.

शोधाची रीतिही सांगतां येण्यासारखी आहे. टी, ई, ए, सी, एच, ई, आर हीं सात अक्षरें समोर आलीं असें समजा. ई दोनदां असल्यामुळें यांच्या मांडण्या २५२० होतात; त्या एकेक करून पाहणें वेड्याचें काम होय. परंतु कर्ता दाखविणारा ‘ई-आर’ हा प्रत्यय प्रथम शेवटास लावून टाका, आणि सी व एच हीं नेहमीं सोबत फिरणारीं अक्षरें एकत्र बांधा. आतां हालविण्यास चारच तुकडे उरले, आणि त्यांच्या मांडण्या अवघ्या २४. त्यांतून दोन शब्द लवकरच वर येतात : ‘टीचर’ आणि ‘चीटर’. शिक्षक आणि फसविणारा यांचीं अक्षरें एकच असावीं हा योगायोग विद्यार्थिवर्गास विशेष रुचेल! याच न्यायानें अनेकवचनाचा ‘एस’, भूतकाळाचा ‘ई-डी’, ‘आय-एन-जी’ हा प्रत्यय, हे सर्व आधीं बाजूस काढावे. आणि क्यू दिसतांच यू कोठें आहे तें पाहावें.

या छंदास जगभर मान्यता मिळवून देणारा गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील आल्फ्रेड बट्स. हा व्यवसायानें वास्तुशिल्पी. १९२९ नंतरच्या मंदींत काम सुटल्यावर त्यानें वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरें मोजून कोणतें किती वेळां येतें याचें कोष्टक केलें, व त्यावरून एक खेळ रचला. १९४८ सालीं जेम्स ब्रूनो यानें त्यास ‘स्क्रॅबल’ हें नांव दिलें. त्याच्या १०० सोंगट्यांत ई च्या १२ आहेत; क्यू व झेड यांची मात्र एकेकच, आणि त्यांचे गुण १० आहेत. एस विपुल वापराचें अक्षर असूनही त्याच्या सोंगट्या चारच ठेविल्या, कारण अनेकवचनें करून गुण मिळविणें फार सोपें झालें असतें.

आतां हें काम संगणक क्षणार्धांत करितो. कोशांतील प्रत्येक शब्दाचीं अक्षरें वर्णानुक्रमानें लावून ठेविलीं, कीं ‘स्लेट’ काय आणि ‘स्टील’ काय, दोन्ही एकाच खणांत पडतात. मग खण उघडण्याचाच अवकाश. कांहीं माणसांची स्मृतिही तितकीच अद्भुत असते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनीं २०१५ सालीं फ्रेंच भाषेंतील स्क्रॅबलचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि २०२४ सालीं स्पॅनिशमधीलही. तीं अशा स्थितींत कीं, त्या भाषा त्यांस बोलतां येत नव्हत्या!

या पराक्रमापुढें मान लवविली पाहिजे, यांत शंका नाहीं. परंतु त्यांतूनच आमच्या प्रश्नाचें उत्तरही मिळतें. शब्द सांपडणें आणि भाषा येणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेदपठनांतही अर्थावांचून केवळ पाठांतर करणारास भारवाही म्हटलें आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आपलीं मुलें इंग्रजी शिकतात तीं बक्षिसाकरितां नव्हेत, तर त्या भाषेंतील ज्ञान आपलेंसें करण्याकरितां. तेव्हां हा खेळ घरीं अवश्य खेळावा. मात्र एक नियम करावा. जो शब्द शोधील त्यानें त्याचा अर्थ मराठींत सांगावा व तो एका वाक्यांत योजून दाखवावा, तेव्हांच गुण द्यावा. पंच म्हणून आजोबांस किंवा काकूंस बसवावें, आणि वाद पडल्यास निर्णय आवाजानें न होतां कोशानें व्हावा. एवढें पाळल्यास जेवणानंतरची अर्धी घटका सत्कारणीं लागेल, आणि मुलांच्या हातीं अक्षरांबरोबर अर्थही येईल.