विश्लेषण : रोज चालूनही म्हातारपणी ताकद का घटते? ‘खुर्चीवरच्या व्यायामा’चा जपानी प्रयोग काय सांगतो?

‘आता वय झालं, जरा आराम करा.’ घरातील ज्येष्ठांना प्रेमाने दिला जाणारा हा सल्ला अनेकदा त्यांच्याच तब्येतीला महागात पडतो. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणे, सिग्नल सुटेपर्यंत रस्ता ओलांडून न होणे, भाजीची पिशवी जिन्यातच खाली ठेवावी लागणे, या साऱ्याचे खापर आपण वयावर फोडतो. यामागे अनेकदा ‘फ्रेल्टी’ नावाची अवस्था असते. योग्य व्यायामाने ती लांबवता येते, काही प्रमाणात मागेही फिरवता येते. त्यासाठी जपानमधील एका शहराने निवडलेला मार्ग अगदी साधा आहे : खुर्ची, थोडे वजन आणि शेजारीपाजारी.

फ्रेल्टी म्हणजे नेमके काय?

फ्रेल्टी म्हणजे शरीराचा राखीव साठा संपत जाणे. जुन्या बॅटरीचा फोन ३० टक्के चार्ज दाखवत असतानाच अचानक बंद पडतो, तसेच काहीसे. साधा ताप आला तरी तरुण माणूस तीन दिवसांत उभा राहतो, फ्रेल्टी असलेली व्यक्ती महिनाभर सावरत नाही. अमेरिकी संशोधक डॉ. लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिचे पाच निकष मांडले. प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोंहून अधिक वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे असल्यास फ्रेल्टी, एक किंवा दोन असल्यास तिची पूर्वावस्था मानली जाते. सुधारणेला सर्वाधिक वाव याच टप्प्यावर असतो.

आरामाने काय बिघडते?

स्नायू वापरले नाहीत तर झिजतात आणि उतारवयात ही झीज वेगाने होते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील चरबीविरहित वजन सरासरी सुमारे एक किलोने घटले, ताकदही कमी झाली. म्हणूनच आजारपण किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर लवकर उठून चालायला लावतात. मात्र एरवी घरात आजींच्या हातून कळशी आणि आजोबांच्या हातून पिशवी काढून घेतली जाते, तेव्हा त्यांचा उरलासुरला व्यायामही थांबतो.

नव्वदीतही ताकद वाढते का?

वाढते. बॉस्टनमधील डॉ. मारिया फियाटारोन यांनी १९९० मध्ये वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजनांचे व्यायाम दिले. ज्यांनी ते पूर्ण केले, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यानंतर १०० अशक्त वृद्धांवर झालेला त्यांचा मोठा प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. या सहभागींचे सरासरी वय ८७ होते. दहा आठवड्यांच्या व्यायामाने त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालण्याचा वेगही वाढला. यातील एक निष्कर्ष आपल्याकडे विशेष लक्षात घ्यावा असा आहे. ज्यांना व्यायामाशिवाय केवळ पूरक पोषण दिले गेले, त्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. नुसता प्रोटीन पावडरचा डबा आणून भागत नाही, तो असा.

मग रोजचे चालणे पुरेसे नाही का?

चालणे हृदयासाठी, रक्तातील साखरेसाठी उत्तमच. पण सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना मांड्यांवर पुरेसा भार येत नाही आणि तोल सांभाळण्याची कसोटीही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. त्याबरोबरच आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करण्याची शिफारस आहे. शंभरहून अधिक चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या ‘कोक्रेन’च्या २०१९ मधील अहवालानुसार व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते. तोल आणि ताकद या दोन्हींचा मेळ घातल्यास ही घट ३४ टक्क्यांच्या आसपास जाते. केवळ चालण्याने पडणे कमी होते, असे मात्र या अहवालातून ठामपणे सिद्ध झाले नाही.

कोची शहराने काय केले?

जपानच्या शिकोकू बेटावरील कोची शहराने २००२ मध्ये ‘इकी इकी ह्याकुसाई ताइसो’ हा उपक्रम सुरू केला. नावाचा अर्थ साधारण ‘शंभरीतही टवटवीत राहण्याचा व्यायाम’ असा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने सुचवलेल्या व्यायामांचा त्याला आधार आहे. ज्येष्ठ जवळच्या सभागृहात जमतात, मनगटाला आणि घोट्याला पट्टा बांधतात. या पट्ट्यात छोट्या कांड्या घालून वजन शून्यापासून २.२ किलोपर्यंत दहा टप्प्यांत वाढवता येते. मग व्हिडिओ पाहत हात वर करणे, खुर्चीतून उठणे, गुडघा सरळ करणे, पाय मागे आणि बाजूला नेणे अशा हालचाली चार आकडे मोजत सावकाश केल्या जातात. जिम नाही, यंत्रे नाहीत. गट चालवतात ते रहिवासीच. म्हणूनच हा उपक्रम कोचीपुरता न राहता जपानभर पसरला.

एकट्याने केले तर चालत नाही का?

शरीराच्या दृष्टीने चालते. कोक्रेनच्या आढाव्यात एकट्याने केलेला आणि गटातला, दोन्ही व्यायाम उपयुक्त ठरले. अडचण असते ती सातत्याची. लाभ हळूहळू आणि दीर्घकाळ केल्यावरच दिसतो. अमेरिकेतील ‘लाइफ’ चाचणीत ७० ते ८९ वयोगटातील १,६३५ जण होते. व्यायामाच्या गटातील लोक आठवड्यातून दोनदा केंद्रावर येत आणि घरीही व्यायाम करत. सरासरी २.६ वर्षांत ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण या गटात ३०.१ टक्के, तर केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्यांत ३५.५ टक्के होते. फरक चमत्कारिक नाही, पण खरा आहे. एवढा काळ टिकून राहायचे तर वाट पाहणारे कोणीतरी हवे. ‘काल का आला नाहीत?’ हा प्रश्न कोणतेही अ‍ॅप तितक्या आपुलकीने विचारत नाही.

महाराष्ट्रात हे शक्य आहे का?

आपल्याकडे सर्वांत अवघड भाग, म्हणजे माणसे जमणे, आधीच साधले आहे. ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे, नाना-नानी पार्क, भजनी मंडळे आहेत. जगभर पोहोचलेला हास्यक्लबही १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या एका बागेत पाच जणांसह सुरू केला होता. कमी आहे ती दोन गोष्टींची : अंगावर थोडा भार आणि तो टप्प्याटप्प्याने वाढवण्याची शिस्त. टाळ्या आणि हात फिरवण्याच्या व्यायामानंतर आठवड्यातून दोनदा अर्धा तास यासाठी काढता येईल.

सुरुवात कशी करावी?

आधी फोनचे स्टॉपवॉच घेऊन दोन चाचण्या करा. हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागले, अथवा सहा मीटर नेहमीच्या चालीने चालायला सहा सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर तो इशारा समजा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये हेच निकष दिले आहेत.

• खुर्ची भक्कम आणि भिंतीला टेकलेली असावी. घसरणारी प्लास्टिकची खुर्ची नको.

• सुरुवात वजनाशिवाय करा. नंतर हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, घोट्याला वाळूची छोटी पिशवी पुरते.

• प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा करा. ती सहज जमू लागली की वजन किंचित वाढवा. श्वास रोखू नका.

• तोलाचे व्यायाम करताना हाताशी खुर्ची किंवा कठडा ठेवा.

• हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतेच झालेले फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा.

घरातल्या तरुणांसाठीही एक काम आहे. आजोबा पिशवी उचलायला वाकले, तर ती लगेच हातातून घेऊ नका. त्यांना झेपेल एवढे सामान त्यांच्याकडेच राहू द्या.