पेट्रोल महागले, मग इंजिन बदलायचे का?

पेट्रोलचे भाव वाढले की त्याची झळ फक्त गाडीवाल्यांनाच लागते असे नाही. भाजी महागते, मुलांच्या शाळेच्या रिक्षाचे पैसे वाढतात, किराणा घरी पोहोचेपर्यंत चार पैसे जास्त मोजावे लागतात. पण ज्या घरात एखादी स्कूटर किंवा छोटी मोटार आहे, त्या घरात महिनाअखेरीस एक चर्चा हमखास रंगते. शेजाऱ्यांनी सीएनजी बसवला, ऑफिसातल्या कुणी बॅटरीची स्कूटर घेतली, मग आपणच का मागे राहायचे? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शेजाऱ्याकडे पाहून नव्हे, आपल्या रोजच्या किलोमीटरकडे पाहून शोधावे लागते.

दुखणे जुनेच आहे

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा आपल्याकडे बसगाड्यांना कोळशाची भट्टी जोडण्यात आली होती. कोळसा अर्धवट जाळून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चाले. पण गाडीचा जोर कमी होई, चढावर तिला दम लागे. युद्धानंतर पेट्रोल मिळू लागताच या भट्ट्या अडगळीत गेल्या.

पुढे १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांतच सुमारे चौपट झाले. त्या नोव्हेंबरात पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये बाजारात आली होती. छोटे इंजिन, कमी पेट्रोल, आणि अगदीच पेट्रोल संपले तर पायडल होतेच! मध्यमवर्गाने तिला उचलून धरले.

डिझेल स्वस्त होते त्या काळात डिझेलवर चालणारी बुलेटही निघाली. लिटरमागे पल्ला भरपूर, पण वेग बेताचा, आवाज मोठा आणि हादरे असे की सांगता सोय नाही. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि सन २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

या सगळ्या प्रयोगांतून एक गोष्ट दिसते. प्रत्येक पर्यायी इंजिन काही देते आणि त्या बदल्यात काही मागते. काय मागते, हे आधी समजून घ्यायला हवे.

एकाच इंधनावर विसंबू नका

ब्राझीलचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेलाच्या दणक्यानंतर १९७५ मध्ये त्या देशाने उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवण्याची योजना आखली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. मग साखरेला चांगला भाव मिळू लागला, तेल स्वस्त झाले आणि १९८९ च्या सुमारास पंपांवर अल्कोहोलचा तुटवडा पडला. गाडी दारात, पण टाकी रिकामी! लोकांचा विश्वासच उडाला. तो परत आला २००३ नंतर, पेट्रोल आणि अल्कोहोल कोणत्याही प्रमाणात चालवणारी इंजिने आली तेव्हा.

दिल्लीकरांनाही असाच अनुभव आला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये शहरातील बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २००२ पर्यंत ते काम पार पडले. दरम्यान पंप कमी आणि वाहने फार, त्यामुळे रिक्षावाल्यांना तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागले.

बोध साधा आहे. इंधन स्वस्त आहे एवढे पुरत नाही. ते आपल्या वाटेवर आणि वेळेवर मिळायला हवे. जुलै २०२४ मध्ये पुण्यात बजाजने सीएनजीची मोटारसायकल आणली, तेव्हा तिला २ किलोच्या सिलिंडरबरोबर २ लिटरची पेट्रोलची टाकीही ठेवली, ती याचसाठी.

आधी वही-पेन्सिल घ्या

लुनाही फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरीवर चालणारी होऊन परत आली. बॅटरीची गाडी घ्यायचे मनात असेल तर खरेदीपूर्वी एक हिशेब जरूर मांडा. सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये लिटर आणि वीज १० रुपये युनिट धरू. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला १०० किलोमीटरसाठी सुमारे २२० रुपयांचे पेट्रोल लागेल. बॅटरीच्या स्कूटरला ४ युनिट वीज धरली तर ४० रुपये. म्हणजे १०० किलोमीटरमागे १८० रुपये वाचले.

आता समजा, बॅटरीच्या गाडीसाठी तुम्ही ३०,००० रुपये जास्त मोजले. ज्यांची रपेट महिन्याला १,००० किलोमीटर आहे, त्यांचे हे पैसे दीड वर्षाच्या आत वसूल होतील. पण ज्यांची स्कूटर मंडई, शाळा आणि देऊळ एवढीच फिरते, महिन्याला जेमतेम २५० किलोमीटर, त्यांना साडेपाच वर्षे थांबावे लागेल. गाडी तीच, बचतही तीच, पण एका घराला फायदा आणि दुसऱ्याला नुसताच खर्च! याशिवाय बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, आणि चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने चार्जिंग कुठे करायचे, हेही विचारून घ्या.

मोटारीला सीएनजी किट बसवतानाही हाच हिशेब करा. किट मान्यताप्राप्त ठिकाणीच बसवा, आरटीओच्या नोंदवहीत बदल करून घ्या, विमा कंपनीला कळवा आणि सिलिंडरची चाचणी मुदतीत करून घ्या. डिकीतली जागा जाईल, हेही ध्यानात ठेवा. स्वयंपाकाच्या सिलिंडरवर मोटार चालवणे तर बेकायदा आहेच, शिवाय जिवाशी खेळ आहे.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे जुन्या गाडीचा पल्ला थोडा घटू शकतो. सरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या धाटणीच्या मोटारींसाठी ही घट ६ ते ७ टक्के धरली होती. तेव्हा पल्ला कमी झाला म्हणून लगेच इंजिन खोलायला देऊ नका. रबरी नळ्या आणि वायसर मात्र मेकॅनिककडून तपासून घ्या.

चमत्काराच्या नादी लागू नका

भाव वाढले की जादूच्या गोळ्या, चुंबके आणि पाण्यावर गाडी चालवणारे दिसू लागतात. १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी झाडपाल्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला आणि देशभर खळबळ उडाली. तो दावा खोटा निघाला; २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना ३ वर्षांची शिक्षा सुनावली. पाण्याचेही तसेच आहे. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. चुलीतल्या राखेने जसा पुन्हा स्वयंपाक होत नाही, तशी पाण्यावर गाडी चालत नाही.

आधी हे करून पाहा

नवे इंजिन घेण्याआधी जुन्याचीच नीट निगा राखा. टायरमध्ये योग्य हवा, स्वच्छ एअर फिल्टर, घासत नसलेला ब्रेक, सिग्नलला बंद केलेले इंजिन आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग, याला फारसा खर्च येत नाही. बाजार, बँक आणि शिकवणीची ने-आण एकाच फेरीत बसवता आली तर आणखी उत्तम.

आणि महिनाभर एक छोटी वही गाडीतच ठेवा. दर वेळी पेट्रोल भरताना किलोमीटरचा आकडा आणि दिलेले पैसे लिहा. घरातल्या प्रत्येकाने लिहा. महिन्यानंतर ती वही उघडून सगळ्यांनी एकत्र बसा. तुमच्या घराला नवे इंजिन परवडेल की जुनेच बरे, हे ती वही सेल्समनपेक्षा जास्त खरे सांगेल.