मोठ्या जातीचं पिल्लू, त्याचे पाय आणि कॅल्शियमची बाटली

सातारा-सांगलीच्या मळ्यांतल्या बंगल्यांत आणि शहरांतल्या कॉलन्यांतही आता ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ अशी धिप्पाड कुत्री पाळली जातात. पिल्लू दोन महिन्यांचं घरी येतं, भराभर वाढतं आणि तीन-चार महिन्यांचं झालं की काही घरांत काळजी सुरू होते. पुढचे पाय मनगटात वाकतात, पंजे बाहेर वळतात, पिल्लू उठताना कुरकुरतं, आज एका पायाने तर आठवड्याने दुसऱ्याच पायाने लंगडतं. मग चारी बाजूंनी एकच सल्ला येतो: हाडं कच्ची आहेत, कॅल्शियम सुरू करा. या सल्ल्यामागे माया असते, पण बहुतेक वेळा तो नेमका उलटा पडतो. धिप्पाड जातीच्या पिल्लाच्या हाडांचं आणि सांध्यांचं दुखणं उपासमारीतून क्वचित येतं. ते बहुधा घाईतून आणि अतिरेकातून येतं, आणि गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाने ही गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवून दिली आहे.

कॅल्शियमवर आपल्याकडे एवढा भरवसा का, हे आधी समजून घ्यायला हवं. कृष्णा-वारणेचा हा पट्टा दुधाचा आहे. व्यायलेली गाय दुग्धज्वराने बसते, पशुवैद्य शिरेतून कॅल्शियम देतात आणि काही तासांत ती उठून उभी राहते. हे ज्याने गोठ्यात पाहिलं त्याला कॅल्शियमची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. पण त्या गाईच्या अंगातून दुधावाटे अचानक भरमसाट कॅल्शियम बाहेर गेलेलं असतं आणि रक्तातली पातळी कोसळलेली असते. पिल्लाच्या अंगातून असं काही बाहेर जात नाही. चांगल्या प्रतीचं पपी फूड खाणाऱ्या पिल्लाला हवं तेवढं कॅल्शियम त्यातूनच मिळतं. त्यावर गोठ्यातल्या बाटलीतलं चार चमचे ओतणं म्हणजे गाईच्या आजारावरचं औषध निरोगी पिल्लाला देणं.

यात शरीरशास्त्राची एक अडचण आहे. प्रौढ कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम जास्त झालं तर आतडं ते कमी शोषतं आणि उरलेलं विष्ठेवाटे निघून जातं. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला हा लगाम नीट घालता येत नाही. समोर येईल त्यातलं बरंचसं कॅल्शियम आपोआप आत ओढलं जातं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हाझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं आणि १९८५ साली निष्कर्ष मांडले. आहारात ३.३ टक्के कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांच्या हाडांची वाढ १.१ टक्का मिळालेल्यांपेक्षा बिघडली. कारण हाड लांब होतं ते टोकाशी असलेल्या कूर्चेच्या पट्टीतून. आधी कूर्चा तयार होते, ती पिकते आणि मग तिचं हाड होतं. जादा कॅल्शियमने हा क्रम अडखळतो, कूर्चा जाड राहते, तिचे टवके सुटू शकतात आणि पुढच्या पायाच्या दोन हाडांची वाढ मागेपुढे झाली की पाय वाकतो. पाय वाकला म्हणून कॅल्शियम द्यावं आणि त्याच कॅल्शियमने तो आणखी वाकावा, असं हे चक्र आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या पशुखाद्याच्या मानकांत, मोठेपणी सुमारे ३२ किलो किंवा त्याहून जास्त वजन होणाऱ्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा खाद्यातल्या शुष्क पदार्थाच्या १.८ टक्के अशी वेगळी ठरवून दिली आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. आमच्याकडे पिल्लाला पाकिटातलं खाद्य कुठे परवडतं? ते घरचंच खातं: भात, चपाती, दूध, आठवड्यातून दोनदा चिकन किंवा मटण. मग त्याला कॅल्शियम कमी पडणार नाही का? पडेल, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो, धान्यातही पारडं फॉस्फरसकडेच झुकलेलं असतं. अशा आहारावर वाढणाऱ्या पिल्लाचं शरीर रक्तातली पातळी टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं, हाडं पातळ होतात आणि साध्या उडीनेही मोडू शकतात. जावळी-पाटणकडची नाचणी कॅल्शियमने भरलेली असते हे खरं, पण धान्यातली फायटेट नावाची द्रव्यं त्यातलं बरंचसं बांधून ठेवतात, त्यामुळे नाचणीची आंबील म्हणजे पूर्ण तोडगा नव्हे. तेव्हा घरच्या अन्नावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम लागतंच. पण किती, हे त्याचं वजन, वय आणि ताटातला प्रत्येक पदार्थ पाहून पशुवैद्याने ठरवायचं असतं, कारण कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं एकमेकांशी प्रमाण साधारण एकास एक ते दोनास एक या दरम्यान राहायला हवं. घात होतो तो दोन्ही गोष्टी एकत्र केल्याने, म्हणजे संतुलित पाकीटबंद खाद्यही घालायचं आणि वर टॉनिकही पाजायचं.

दुसरा गैरसमज खुराकाचा. हा तालमींचा मुलूख आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, आणि दूध-तूप-बदामाच्या खुराकाने देह घडतो ही श्रद्धा इथे घराघरात आहे. तीच पिल्लाला लावली जाते. गुबगुबीत, जाड पायांचं पिल्लू पाहून लोक कौतुक करतात आणि बरगड्या हाताला लागल्या की उपाशी ठेवलं म्हणून बोल लावतात. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि पुढे ते पन्नास-साठ किलोंच्या पलीकडे जातं. एवढी वाढ मुख्यतः पहिल्या वर्षात होते, पण सांधे आणि स्नायू पक्के व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. चांगला खिलार गोऱ्हा हाती असलेला आटपाडीचा शेतकरी त्याला अंगात जोर दिसला म्हणून लगेच औताला जुंपत नाही, तो भरायची वाट पाहतो. पिल्लाच्या बाबतीत औत म्हणजे त्याचं स्वतःचंच वजन. ते कच्च्या सांध्यांवर आधी येऊन बसतं आणि सांध्याला भरायला सवड मिळत नाही.

हा नुसता तर्क नाही. कॉर्नेल विद्यापीठात हेडहॅमर आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रेट डेनच्या पिल्लांच्या एका गटाला पोषक खाद्य हवं तितकं खाऊ दिलं आणि दुसऱ्या गटाला तेच खाद्य सुमारे दोन-तृतीयांश. मनसोक्त खाणाऱ्या गटात हाडांचे आणि सांध्यांचे विकार ठळकपणे जास्त दिसले. पुढे ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांचा जन्मभराचा अभ्यास झाला. त्यात जोडीतल्या एका भावंडाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाद्य दिलं गेलं. दोन वर्षांच्या वयात भरपेट गटातल्या २४ पैकी १६ जणांच्या खुब्याचा सांधा बिघडलेला दिसला, मोजून खाणाऱ्यांत २४ पैकी ७ जणांचा. मोजून खाणारी कुत्री मध्यमानाने जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. कमी घातलं तर उंची खुंटेल ही भीती बोलून दाखवली जाते. पण पुरेशा, संतुलित आहारावर असलेल्या पिल्लाची उंची आनुवंशिकतेने ठरते. सावकाश वाढणारं पिल्लू तिथेच पोचतं, फक्त काही महिने उशिरा. खुराकाच्या धास्तीतून जन्मलेला उलट गैरसमज म्हणजे प्रथिनांनी पाय बिघडतात, म्हणून मांस-अंडी बंद करा. उट्रेख्तमध्येच १९९१ साली ग्रेट डेनच्या पिल्लांना प्रथिनांची वेगवेगळी प्रमाणं देऊन पाहिलं गेलं, तेव्हा जास्त प्रथिनांमुळे हाडं बिघडल्याचं दिसलं नाही. दोष उष्मांकांच्या आणि कॅल्शियमच्या अतिरेकाचा आहे, प्रथिनांचा नाही.

जत-मुधोळच्या पट्ट्यातले लोक इथे हमखास विचारतात: आमची कारवान, मुधोळ कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-दुधावर वाढली, त्यांचे पाय कधी वाकले? प्रश्न योग्य आहे आणि उत्तरही त्यातच आहे. ती कुत्री मोठेपणी पंचवीस किलोंच्या आसपास भरतात, अंगाने सडपातळ राहतात आणि माळावर सशामागे धावणाऱ्यांतूनच त्यांची निवड होत आली. ज्याचा सांधा कच्चा तो मागे पडला. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड माणसाने आकारासाठी निवडले, आणि आकार वाढवताना सांधा मागे राहिला. भाकरीवर मुधोळ वाढला म्हणून त्याच ताटावर त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचं जनावर तसंच वाढेल, हा हिशोब जुळत नाही.

ऊन दाखवलं की ड जीवनसत्त्व मिळतं, हा सल्ला माणसाच्या बाळासाठी बरोबर आहे, कुत्र्यासाठी नाही. कुत्र्याच्या कातडीत हे जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, हे १९९४ साली दाखवलं गेलं. त्याला ते अन्नातूनच मिळावं लागतं. पिल्लाला कोवळ्या उन्हात खुशाल खेळू द्या, पण मुडदूस त्याने बरा होणार नाही. आणि दुपारच्या उन्हात बांधून ठेवणं तर थेट धोक्याचं आहे.

व्यायामाबद्दल दोन टोकं आहेत. एका टोकाला चार महिन्यांच्या पिल्लाला पाय मजबूत व्हावेत म्हणून मोटरसायकलच्या मागे डांबरी रस्त्यावर पळवणारे, दुसऱ्या टोकाला पाय दुखतील म्हणून त्याला गुळगुळीत फरशीवर साखळीत अडकवून ठेवणारे. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या विकाराचा धोका जास्त दिसला, आणि त्याच वयात मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत तो कमी दिसला. आपल्या भागात याला पैसा लागत नाही. नांगरलेल्या रानाची कड किंवा अंगणातली माती यांवर पिल्लाला त्याच्या मनाने खेळू द्यावं आणि ते बसलं की बसू द्यावं. गच्चीचे जिने, जीपमधून उड्या आणि ओल्या फरशा मात्र टाळाव्यात.

एवढं सगळं असूनही कॅल्शियमने आमचं पिल्लू बरं झालं असं सांगणारे खोटं बोलत नसतात. पॅनोस्टायटिस नावाचा आजार साधारण पाच ते अठरा महिन्यांच्या वयात होतो, त्यात लंगड या पायातून त्या पायात फिरते, आणि तो काही आठवड्यांत आपोआप शमतो. पुन्हा उलटतो, पुन्हा शमतो. कोवळ्या पिल्लाचं मनगट वाकतं तेही पुष्कळदा नीट आहार आणि घट्ट पकड देणारी जमीन मिळाली की सरळ होतं. त्याला खपच्या बांधण्याने उलट स्नायू सैल पडतात. या आठवड्यांत जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं, मग ती बाटली असो, तेलाची मालीश असो की हळदीचं दूध. खरा धोका असा की या समजुतीत वेगळे, गंभीर आजार दडून राहतात. मनगटाच्या वर गरम, दुखरी सूज आणि ताप असेल तर तो हाडाच्या टोकांचा दाह असू शकतो. खांदा किंवा कोपर कायम दुखत असेल तर कूर्चेचा टवका सुटलेला असू शकतो आणि त्याला शस्त्रक्रिया लागते. आपल्याकडे गोचीड भरपूर, त्यामुळे गोचीडतापानेही सांधे सुजतात, आणि तो रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. अशा वेळी घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी तर कधीच देऊ नये. माणसाच्या या गोळ्यांनी कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊ शकतं.

खुब्याचा विकार आनुवंशिक असतो, म्हणून नशिबात असेल ते होणार, असंही म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. पिल्लं जन्मतः ठीक दिसणारे खुबे घेऊन येतात. सैलपणा पुढे वाढतो, आणि तो किती वाढेल हे वजन आणि वाढीचा वेग बरंचसं ठरवतात. उरलेलं अर्धं पिल्लू घेतानाच ठरतं. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय खुब्याचा अंतिम दाखला देत नाही. आपल्याकडे विकणारा बापाचं वजन आणि पंजाची जाडी दाखवतो. आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे मागणारं गिऱ्हाईक वाढलं, तरच तो काढणारे विक्रेते वाढतील. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, तेही गिऱ्हाईकाने लक्षात ठेवावं.

पिल्लू घरी असेल तर दर आठवड्याला त्याचं वजन करून वहीत लिहा, बरगड्यांवरून हात फिरवा आणि त्या सहज लागतात ना ते पाहा. खाद्य वाटीने मोजून दिवसातून तीन वेळा द्या, भांडं भरून ठेवू नका. खाद्याच्या पाकिटावर मोठ्या जातीच्या पिल्लासाठी असं लिहिलं असेल तर त्यावर काहीही जास्तीचं घालू नका. लंगड दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकली, ताप आला किंवा पिल्लू खायचं थांबलं, तर थेट पशुवैद्याकडे जा आणि ती वही बरोबर न्या. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गावातल्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीसाठी कुठे पाठवलं तर अंतर पाहून टाळाटाळ करू नका. एक्स-रे निघेपर्यंत कॅल्शियमची बाटली गोठ्यातच राहू द्या.