हरमलचा आडोसा

मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे आणि तिच्या नऊवारीला समुद्र सोसवत नाही. लाट आली की काष्टा फुगतो, लाट परतली की त्यात वाळू भरते आणि सगळं लुगडं खाली ओढलं जातं. एका हातानं तिनं ओचा धरलाय, दुसऱ्या हातानं वहिनीचा दंड. वहिनीची सहावारी पायांत गुंडाळली गेलीये. ती दोन वेळा पडली, आता तिसऱ्यांदा पडते. लाल-पिवळ्या झेंड्यांजवळचा जीवरक्षक शिटी वाजवून हातवारे करतो : मागं या, मागं या. त्याचं बरोबर आहे. पाच मीटर ओलं कापड पायांत घेऊन कुणी बुडालं तर त्याला ओढून काढणं सोपं नाही.

शेजारी आमच्याच भागातले वाटावेत असे दहा-बारा पुरुष पोहतायत. चड्डीवर. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या बरगड्या मोजाव्यात. त्यांच्या अंगाकडं कुणी बघत नाही, त्यांचं त्यांनाही काही वाटत नाही. समुद्र त्यांना पुरता मिळालाय. आमच्या बायकांना तो गुडघ्यापर्यंत मिळालाय.

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरहून आम्ही काल संध्याकाळी निघालो. मांजरसुंबा, सोलापूर, कोल्हापूर, मग आंबोलीचा घाट. गाडीत सहा बायका, चार लेकरं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मे महिन्याचा पहिला आठवडा आहे. उसाच्या फडावरून परतलेली माणसं गावात आहेत, पेरणीला अवकाश आहे. मावशीनं तीस-पस्तीस वर्षं कोयता धरला. कर्नाटकात गेली, सांगलीकडं गेली, पण समुद्र आज पहिल्यांदा बघतेय.

हरमल हे पेडणे तालुक्यातलं गाव. मुख्य किनाऱ्याच्या उत्तरेला खडकांच्या कडेनं एक पायवाट जाते, दोन्ही अंगांना कपड्यांची, माळा-मण्यांची दुकानं. ती संपते तिथं एक छोटी पुळण आहे आणि पुळणीच्या पाठीशी गोड्या पाण्याचं तळं. एका बाजूला खारं, दुसऱ्या बाजूला गोडं, मध्ये थोडीशी वाळू. अंगावरचं मीठ धुवायला आम्ही सगळ्या तिकडं निघतो. सीझन सरत आलाय, महिनाअखेर शॅक उतरवायचे आहेत, अर्ध्यांचे वासे आत्ताच मोकळे झालेत.

तळ्यात शिरल्यावर मावशीचा चेहरा बदलतो. हे पाणी तिच्या ओळखीचं आहे. ती मान बुडवते, केस सोडते, चूळ भरते. “हे आमच्या मांजरेच्या डोहासारखं,” म्हणते. मांजराकाठी तिचं माहेर. नदीच्या वळणावर बायांचा पाणवठा होता. सकाळी दिवस कासराभर वर येईपर्यंत तिकडं एकाही गड्यानं फिरकायचं नाही. कुणाची म्हैस चुकून गेलीच तर तो लांबूनच खाकरायचा, “कोण हाय गं पाण्यावर?” म्हणून विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत बाभळीमागं थांबायचा. “आम्ही चोळ्या काढून खडकावर वाळत घालायचो. पोरीसोरी तर तशाच पवायच्या. कुण्या गड्याची टाप नव्हती वर डोळा करायची.”

भाची तळ्याच्या काठावर बसून हे ऐकतेय. ती छत्रपती संभाजीनगरात कायदा शिकते. “म्हणजे आजी, तुमच्याकडं राखीव किनारा होता,” ती म्हणते. मावशीला तो शब्द पटतो. राखीवच होता. कागदावर नव्हता, पण सगळ्या गावाला ठाऊक होता.

आता कपडे बदलायचे. इथं खोली नाही, भिंत नाही. आमच्या बायकांना त्याची अडचण वाटत नाही, हात आपोआप चालतात. वहिनीनं उतरवलेली ओली साडी दोघीजणी दोन टोकांना धरतात, तिसरी मागून उभी राहते, आणि आत वहिनी भराभर कोरडं परकर-पोलकं चढवते. फडावर अशाच आंघोळी होतात. कोपीला न्हाणी नसते. पहाटे तीनला उठायचं, अंधारात अंगावर दोन तांबे घ्यायचे, बाजूला कुणीतरी लुगडं धरायचं. पाळीच्या दिवसांतही तेच. मुकादम उचल देतो, कारखाना टनावर हिशेब करतो, न्हाणीचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो.

साडी धरलेली असतानाच मला ती मुलं दिसतात. विशी-बाविशीची, पाच जण. आमच्याकडं त्यांचं लक्ष नाही. पुळणीच्या पलीकडच्या टोकाला खडकाला लागून एक परदेशी बाई पालथी पडलीये, पन्नाशीची असेल. पाठ पूर्ण उघडी, कमरेला पंचा. डोळे मिटलेले. मुलं आधी लाटांचे फोटो काढतात, मग सरकत सरकत तिच्या दिशेनं येतात. एकानं मोबाइल छातीशी आडवा धरलाय. दुसरा त्याला खूण करून पुढं ढकलतो.

मावशीनंही पाहिलंय. ती काही बोलत नाही. वहिनीच्या समोरची साडी सुटते, तशी ती एक टोक भाचीच्या हातात देते आणि दुसरं स्वतः धरून चालायला लागते. ओल्या वाळूवरून एक पासष्ट वर्षांची बाई आणि एक वीस वर्षांची मुलगी, मध्ये जांभळी सुती साडी. त्या थेट त्या बाईपाशी जातात आणि साडी ताणून उभ्या राहतात. मुलांच्या बाजूनं फक्त कापड दिसतं.

“बघा आता,” मावशी मुलांना म्हणते. आवाज चढलेला नाही. “हिच्या फोटूचं काय करणार? गावाकडं दावणार? कुण्या गावचे तुम्ही?” गाव विचारल्यावर मोबाइल खाली जातो. मुलं खडकाकडं वळतात, मग पायवाटेला लागतात. तळ्याजवळून जाताना त्यांतला एक जण माझ्याकडं बघत नाही, त्याच्या मानेवर घाम आहे.

बाई उठून बसते. काय झालं ते तिला साडीकडं बघून कळतं. ती घाई करत नाही, शर्ट घालते, गुंड्या लावते, मग दोघींना नमस्कार करते. भाची तिच्याशी इंग्रजीत बोलते आणि आम्हाला सांगते. ती जर्मनीची, रोस्टॉकजवळची. तिथं वार्नेम्युंडेला किनाऱ्याचे भाग पाडलेत. एका भागात कपडे घालून पोहायचं, एका भागात कुत्री आणायची, आणि एका भागात पाटी असते, ‘एफकेके’. तिथं ज्याला कपडे काढायचे तो काढतो, ज्याला नको तो नाही काढत. आजी-आजोबा असतात, लेकरं असतात. ती लहानपणी आईबरोबर तिथंच पोहायला शिकली.

“आन् गडी बघत नाहीत?” मावशीचा पहिला प्रश्न.

भाची विचारते, बाई मान हलवते. बघत राहिलं तर लोक हाकलून देतात.

“मंग ते आमच्या पाणवठ्यासारखंच की,” मावशी म्हणते, आणि साडी पिळायला घेते.

उघड्यानं पोहण्याच्या या विषयावर आपल्याकडं बोलायला लागलं की लोक एक तर हसतात नाही तर संस्कृती काढतात. दोन्ही करताना ते इतिहासातली बरीच पानं उलटत नाहीत. १८९१ साली ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ नावाचा संघ काढला. जगातल्या ज्ञात नग्नतावादी संघांपैकी हा सगळ्यांत जुन्यांतला एक. जर्मनीतले किनारे नंतरचे. सभासद तिघे, जागा माथेरान आणि तुळशी तलाव. क्रॉफर्ड यांनी इंग्रज लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना लिहिलेल्या पत्रांमुळं हे आज माहीत आहे. पण तिघेही पुरुष, तिघेही राज्यकर्त्या गोऱ्यांतले. त्यांना लपायला डोंगर होता, आणि कुणी बघितलंच तर विचारायची कुणाची हिंमत नव्हती. पुढं १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांनी हाच विषय मराठीत उघडपणे मांडला. शरीर झाकल्यानं कुतूहल वाढतं, ते विकृत होतं, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. कर्वे १९५३ मध्ये गेले. ती पाच मुलं बघितल्यावर मला त्यांचं म्हणणं अर्धं खरं वाटतं. झाकल्यानं हाव वाढते हे खरं. पण नुसतं उघडल्यानं ती जात नाही, त्याआधी नजर शिकवावी लागते. पाणवठ्यानं ती शिकवली होती.

गोव्यातही हे नवं नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी हिप्पी कळंगुटला, हणजुणेला आले, उघडे पोहले. गावकऱ्यांना त्याचा त्रास झालाच, आणि त्याहून जास्त त्रास झाला तो त्यांना बघायला बसगाड्या भरून येणाऱ्या पुरुषांचा. आजही देशात एकाही किनाऱ्यावर उघडं पोहायला कायदेशीर जागा नाही. २०२० च्या नोव्हेंबरात अभिनेते मिलिंद सोमण गोव्याच्या वाळूवर कपड्यांविना धावले, छायाचित्र प्रसिद्ध झालं, दक्षिण गोवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

शॅकमध्ये आम्ही लिंबू सरबत मागवतो. भाची कलम सांगते : भारतीय न्याय संहितेचं २९६, पूर्वीचं २९४. सार्वजनिक जागी, दुसऱ्याला त्रास होईल असं अश्लील कृत्य, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. “दोन गोष्टी लागतात,” ती बोटं मोजते, “अश्लील असणं आणि दुसऱ्याला त्रास होणं. नुसतं उघडं अंग म्हणजे अश्लील नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात म्हटलंय. टेनिसपटू बोरिस बेकरच्या उघड्या फोटोवरून होता तो खटला.”

“कुंथलगिरीचे महाराज रस्त्यानं जातात तेव्हा कुणाला तरास होतो?” मावशी विचारते. कुंथलगिरी हे जैनांचं तीर्थ आमच्यापासून फार लांब नाही, आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथंच सल्लेखना घेतली. दिगंबर मुनींचा विहार आमच्या भागातून होतो, तेव्हा टपरीवरची माणसं उठून हात जोडतात, लेकरं पाया पडतात, कुणी मोबाइल चोरून धरत नाही. त्र्यंबकच्या कुशावर्तावर सिंहस्थात नागा साधू उतरतात, तेव्हा पोलीस बंदोबस्तच त्यांच्यासाठी असतो. उघड्या अंगाकडं शांतपणे बघणं आपल्याला येतं. ते फक्त पुरुषाच्या अंगाला आणि फक्त वैराग्याला दिलंय. बाईच्या अंगाला, आणि पोहण्याच्या साध्या आनंदाला, ते द्यायचं राहिलं आहे.

म्हणून मला वाटतं की गोव्यानं वार्नेम्युंडेसारखा एक तुकडा द्यावा. वाळूचे भाग तर आधीच पडलेत. येताना मोरजीला आम्ही बघितलं, कासवांच्या अंड्यांभोवती वनखात्याची जाळी आहे, लोक वळसा घालून जातात. रामपणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्यांची जागा ठरलेली, पोहायची झेंड्यांमधली ठरलेली, शॅकची मोजून दिलेली. त्यात आणखी एक पाटी लावता येईल.

शॅकची मालकीण गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होती. ती इथलीच, तिचा सासरा रामपणकार. ती उठून आमच्या टेबलापाशी येते. “तुम्ही दोन दिवस राहता, बाय. आम्ही बारा महिने इथं,” ती म्हणते. तिची मुलगी याच वाटेनं शाळेत जाते. सासू सकाळी मासळी घेऊन याच वाळूवरून बाजारात जाते. बाहेरचे येतात, दारू पितात, आमच्या पोरींनाही तसंच समजतात. पाटी लावली तर शंभर जण पोहायला येतील आणि हजार जण बघायला, त्यांना कोण आवरणार? तिचा राग खरा आहे. हिप्पींच्या काळापासून गोव्याच्या बायकांवर बाहेरच्या माणसांनी चिकटवलेली प्रतिमा तिनं रोज सोसलीये. तिला विचारल्याशिवाय पणजीत बसून पाटी ठरवली तर ती चुकीचीच होईल.

“मंग बघणाऱ्यांना दंड करा की,” मावशी म्हणते. “पवणाऱ्याला कशाला?”

मालकीण थोडा वेळ गप्प राहते. मग मांडायला लागते, एकेक बोट दुमडून. देवळाजवळ नको. शाळेच्या वाटेवर नको. होड्या लागतात तिथं नको. ग्रामसभेत आधी बायकांनी बोलायचं. मोबाइल बाहेरच ठेवून आत जायचं, आणि पहाऱ्याला बायका, त्याही हरमलच्याच, पगारावर. “एवढं झालं तर मी विरोध करणार नाही. जाणार मात्र नाही मी तिथं.”

“मी बी न्हाई जाणार,” मावशी म्हणते. “मला लुगडं बरं.” मग ती सरबताचा पेला बाजूला सारते. “पन त्या ग्रामसभेत आमचं बी एक घाला. कारखान्यावाल्यानं फडावर चार पत्रे ठोकून न्हाणी बांधावी. एवढं लुगडं धरून धरून हात दुखले आमचे.”

भाची म्हणते की ते गोव्याच्या ग्रामसभेत नाही चालणार आजी, त्याला साखर आयुक्त, ते पुण्यात बसतात. मावशी तिला पत्ता लिहून घ्यायला सांगते. मालकीण गल्ल्यातून बिलाचं कोरं पान फाडून देते, आणि भाची तिथंच टेबलावर अर्जाचा मायना लिहायला घेते. मावशीचं पहिलं वाक्य तिला पसंत पडत नाही, त्यात “विनंती” हा शब्द आहे, मावशी तो काढायला लावते आणि तिथं “मागणी” लिहायला सांगते.