फॉर्म भरण्याआधीची वीस मिनिटं

लेखमाला : पदवीच्या वाटा – भाग ६

कुर्ल्यात बी. कॉम.च्या मुलांचा सगळ्यात बिझी शैक्षणिक सल्लागार कोण, असं कुणी विचारलं तर मी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे बोट दाखवीन. जून-जुलैत त्याच्या दुकानापुढे रांग लागते. काचेवर कागद चिकटवलेला असतो : ‘सर्व कॉलेजचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. मागे एकदा माझ्या पेन्शनच्या कागदांच्या प्रती काढायला मी त्या रांगेत उभा होतो. पुढच्या मुलाला त्याने विचारलं, “ओई (ओपन इलेक्टिव्ह) काय टाकू?” मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “सोपं असेल ते टाक.” “मग हेच टाकतो, सकाळपासून सगळे हेच टाकतायत.” एक क्लिक. दोन क्रेडिटं, एक सेमिस्टर, झालं.

त्या दुकानदाराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फोटो किती केबीचा लागतो, सही कुठल्या रंगात करायची, ओटीपी कधी येत नाही, हे त्याला कॉलेजच्या ऑफिसपेक्षा जास्त कळतं. फक्त समोरच्या मुलाची मागची मार्कशीट त्याने पाहिलेली नसते, आणि या मुलाला पुढे जायचंय कुठे हे विचारायला त्याच्याकडे वेळ नसतो. तो कुणाकडे असायला हवा, एवढाच आजच्या भागाचा विषय.

मागच्या भागात क्रेडिटांचा हिशेब आला होता. पहिल्या सेमिस्टरची २२ क्रेडिटं नुसती डोळ्यांखालून घाला. मुख्य विषयाची सहा, दोन ओपन इलेक्टिव्हची मिळून चार, आणि व्यवसाय कौशल्य, कौशल्यवाढ, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, सहअभ्यासक्रम यांची दोन-दोन. दुसऱ्या सेमिस्टरपासून मायनर येतो. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा, म्हणजे कॉमर्सच्या मुलाने मानसशास्त्र किंवा पर्यावरण वाचावं, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे. पण आमच्या वेळी, आणि अगदी अलीकडेपर्यंत, मुंबई विद्यापीठाच्या एफ. वाय. बी. कॉम.ला निवडायचं असं काही नव्हतंच. अकाउंट्स, कॉमर्स, इको, बिझकॉम, ईव्हीएस, फाउंडेशन कोर्स, मॅथ्स : सात विषय, एक वेळापत्रक, सगळ्यांना सारखं. पहिली खरी निवड टी. वाय.ला यायची, एक्सपोर्ट मार्केटिंग घेऊ की कॉम्प्युटर, आणि तीही मित्र काय घेतायत ते पाहून व्हायची. निवडच नव्हती तेव्हा सल्लागार नसल्याचं कुणाला जाणवलं नाही. राज्यात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ला आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ला आलं. विषय निवडायची सोय आली, आणि ती निवड कुणाशी बोलून करायची हे मात्र कुणी सांगितलं नाही.

अमेरिकेत याचा क्रम जरा वेगळा होता. हार्वर्डला चार्ल्स एलियट १८६९मध्ये अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरावीक अभ्यासक्रम मोडून विषय निवडायची मोकळीक वाढवत नेली. मोकळीक वाढली तशी मुलं गोंधळू लागली, मग नव्या मुलांसाठी सल्लागार प्राध्यापक नेमावे लागले. जॉन्स हॉपकिन्सने ही व्यवस्था १८७७मध्येच केली होती. पुढे १९७२मध्ये बर्न्स क्रुकस्टन नावाच्या प्राध्यापकाने एक लेख लिहिला, तो या क्षेत्रात आजही वाचला जातो. त्याचं म्हणणं असं की सल्लागार डॉक्टरासारखा चिठ्ठी लिहून देतो आणि मुलगा ती घेऊन जातो, हा चुकीचा मार्ग. विद्यार्थ्याबरोबर बसून त्यालाच विचार करायला लावणं हे शिकवण्याचंच काम आहे. आपल्याकडे अजून चिठ्ठीही नीट लिहिली जात नाही, हा भाग वेगळा.

कागदावर मात्र सगळं आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हा आकडा द्यावा लागायचा. मीही मेंटॉर होतो. ज्या कॉलेजात होतो त्याचं नाव घेत नाही, कारण जे घडलं त्यात माझाही हात आहे. माझ्या वाट्याला सत्तरएक मुलं होती. प्रत्येकाच्या नावाचं एक पान, त्यावर छंद, पालकांचा व्यवसाय, ‘विद्यार्थ्याच्या अडचणी’ आणि ‘केलेले मार्गदर्शन’ असे रकाने. समिती यायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही चौघे जण स्टाफरूममध्ये बसून ती पानं भरत होतो. ‘केलेले मार्गदर्शन’ या रकान्यात मी कितीदा ‘नियमित अभ्यास करण्यास सांगितले’ लिहिलं, याची मोजदाद नाही. शाई एकसारखी दिसू नये म्हणून कुणीतरी दोन वेगळी पेनं आणली होती. सत्तरपैकी निम्मे चेहरे मला आज आठवत नाहीत.

निवृत्तीनंतर नेहरूनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी मी बसतो, ते बहुधा त्या पानांची भरपाई म्हणून. पाटी लावलेली नाही. कुणी ओळखीचं पाठवतं, मुलं येतात. वीस मिनिटं लागतात, कधी चाळीस. अट एकच : सगळ्या मार्कशीट घेऊन या, नापास झालेल्यासुद्धा.

गेल्या महिन्यात विनोबा भावेनगरातून एक मुलगी आली, मोठ्या भावाबरोबर. एस. वाय. संपलेलं. आजोबा ‘प्रीमियर’मध्ये होते, कुर्ल्यात पद्मिनी गाड्या बनायच्या तेव्हा. या घरात पदवीला पोहोचलेली ती पहिली. कुर्ल्याची बरीचशी घरं अशीच आहेत. जमशेटजी टाटांनी १८८६ साली इथली धरमसी मिल घेऊन तिची ‘स्वदेशी’ केली, त्या काळात कामाला लागायला गिरणीत माणसं भरणारा जॉबर ओळखीचा असला की पुरायचं. आता जॉबर नाही, आणि त्याच्या जागी कोण, हे त्या घरांत कुणालाच नक्की माहीत नाही.

तिने पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं. चार सेमिस्टरच्या मार्कशीट, तिसऱ्या सेमिस्टरची एक केटी (आता सुटलेली), आणि सी. ए. फाउंडेशनचे दोन निकाल. फाउंडेशनला चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ४००पैकी २०० लागतात. दुसऱ्या वेळी प्रत्येक पेपर निघाला होता, बेरीज १८८. ज्या दोन पेपरांत चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो, तिथेच ती अडकली होती. क्लासने सांगितलं, तिसरा अटेम्प्ट दे. तो देताना टी. वाय.च्या परीक्षा कशा सांभाळायच्या, हे कुणी बोललं नव्हतं.

मी विचारलं, “डायरेक्ट एंट्री ठाऊक आहे?”

“ऐकलंय, सर. पण ते हुशार मुलांचं असतं ना?”

कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला नोंदणी होते. इतर शाखांच्या पदवीधरांना ६० लागतात. आणि ‘कॉमर्सचा पदवीधर’ हे पदवीच्या नावावरून ठरत नाही. अकाउंट्स, ऑडिट, कायदा, अर्थशास्त्र, कर, कॉस्टिंग, मॅनेजमेंट अशा विषयांपैकी तीन पेपर तरी, शंभर-शंभर गुणांचे, दिलेले असावे लागतात. आम्ही तिच्या मार्कशीटवर बोट ठेवून ते पेपर मोजले. तीनहून जास्त निघाले. मग पाठकोऱ्या कागदावर टक्क्यांचा हिशेब मांडला. चार सेमिस्टरची सरासरी ५२. सहाही सेमिस्टरचं वजन सारखं धरलं, तर ५५ गाठायला सहा गुणिले ५५ म्हणजे ३३०. त्यातून चार गुणिले ५२, म्हणजे २०८, वजा. उरले १२२. दोन सेमिस्टरमध्ये वाटले तर प्रत्येकी ६१.

कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो हिशेब आपल्या हाताने पुन्हा केला. एकसष्ट. चौथ्या सेमिस्टरला तिला ५९ होते.

“मग क्लास सोडू?”

“ते मी नाही सांगणार. फी किती भरलीय?”

भाऊ म्हणाला, “अर्धी.”

मग पंधरा मिनिटं त्या अर्ध्या फीवर बोलणं झालं, आणि माझ्या मते तेच त्या दिवसाचं महत्त्वाचं बोलणं. फाउंडेशन सुटली तर इंटर लवकर देता येते. नाही सुटली आणि टी. वाय.चे मार्कही घसरले, तर दोन्ही दारं बंद. थेट वाटेने वेळ जास्त लागतो, पण एका वर्षात एकच गोष्ट नीट करायची असते. नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे आणि इंटरचे दोन्ही ग्रुप काढल्यावरच ती सुरू होते, हेही तिला माहीत नव्हतं. बीकेसीत सी. ए. इन्स्टिट्यूटची इमारत आहे, कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षाने जाता येतं. “एकदा जाऊन आत विचारून ये,” म्हटलं. क्लासवाल्याचं ऐकलंस, माझं ऐकलंस, आता ज्यांची परीक्षा आहे त्यांचंही ऐक.

पुढच्या रविवारी आला तो तिच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ, बारावी झालेला. त्याचा प्रश्न जरा निराळा : “सर, बीएमएस आणि बी. कॉम. मॅनेजमेंट स्टडीज, फरक काय?” याचं उत्तर देताना मला हसू आवरत नाही. २०२४-२५पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि राज्याने त्यांच्यासाठी सीईटी लावली. पहिली झाली २९ मे २०२४ला. अनेकांना ती आहे हेच कळलं नव्हतं. जागा रिकाम्या राहिल्या, परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. तेवढ्यात बऱ्याच कॉलेजांनी पाटी बदलली. बीएमएसचं बी. कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) झालं आणि सीईटीचा प्रश्न मिटला. वर्ग तोच, शिकवणारे तेच. विद्यार्थ्याने एवढंच विचारायचं की हा कोर्स सीईटीतून भरतात की कॉलेजच्या मेरिट लिस्टवर, अनुदानित आहे की विनाअनुदानित, आणि महाडीबीटीवर याच्यासाठी कुठली शिष्यवृत्ती लागू होते. फीची पावती या तीन उत्तरांवर ठरते. कोर्सच्या नावातला ‘मॅनेजमेंट’ हा शब्द पाहून नोकरी देणारा मॅनेजर मला अजून भेटायचा आहे.

त्याच्या कागदांत आणखी एक गोष्ट निघाली, फार क्षुल्लक वाटणारी. मार्कशीटवर आडनाव आधी, मग त्याचं नाव, मग वडिलांचं. आधारवर त्याचं नाव आधी, आडनाव शेवटी, वडिलांचं नाव गायब. क्रेडिट बँकेच्या खात्याला ही दोन्ही नावं जुळावी लागतात, नाहीतर क्रेडिटं जमा होताना अडतात. महाराष्ट्रातली निम्मी मुलं या आडनावाच्या जागेपायी कुठे ना कुठे अडखळतात. बारावीच्या सुट्टीत आधार सेंटरला एक खेप घातली की सुटतं, टी. वाय.च्या निकालानंतर घातली की महिने जातात. याला काही जण शैक्षणिक मार्गदर्शन म्हणणार नाहीत. मी म्हणतो.

चौथ्या वर्षाबद्दल पालक हटकून विचारतात, म्हणून थोडक्यात. तीन वर्षांवर थांबलं तरी पदवी मिळते. बँकेच्या, एमपीएससीच्या परीक्षांना, एमबीएच्या सीईटीला ती पुरते. ऑनर्सचं चौथं वर्ष केलं तर एम. कॉम. एका वर्षात होतं. बाहेरदेशी शिकायला जायचं असेल तर त्याचा उपयोग आहे. ‘सगळे करतायत’ म्हणून करायचं ते वर्ष नाही. एका वर्षाची फी आणि एका वर्षाचा पगार, दोन्ही त्यात जातात.

फिनिक्स मॉलमध्ये संध्याकाळची ड्युटी करणारी मुलंही येतात. २०११मध्ये एलबीएस मार्गावर तो मॉल उभा राहिल्यापासून आमच्या भागातल्या कितीतरी मुलांनी पदवीची फी तिथल्या काउंटरवर उभं राहून काढली आहे. त्यांचा प्रश्न ठरलेला : “ही नोकरी ओजेटीत धरतील का?” शेवटच्या सेमिस्टरला ऑन-जॉब ट्रेनिंगची चार क्रेडिटं असतात. माझं उत्तरही ठरलेलं : काम सुरू करायच्या आधी विभागप्रमुखांना भेट, आणि ‘हो’ म्हणाले तर कागदावर लिहून घे. तोंडी ‘हो’ला एप्रिलमध्ये कुणी ओळखत नाही.

परवा संध्याकाळी त्या विनोबा भावेनगरातल्या मुलीचा फोन आला. मागे हॉर्न, माणसांचा गलका, आणि झेरॉक्सच्या मशीनचा तो घरघर आवाज.

“सर, टी. वाय.चा फॉर्म भरतेय. दुकानातले दादा म्हणतायत, पोर्टलवर इलेक्टिव्ह एकच दिसतोय. तोच टाकू का?”

“ऑडिटचा दिसतो का?”

थोडा वेळ नुसतं मशीन ऐकू आलं. “नाही दिसत.”

“मग आज भरू नकोस. उद्या कॉलेजात जा.”

तिने फोनवर हात ठेवून कुणाला तरी काहीतरी विचारलं. “सर, ते म्हणतायत उद्या शेवटची तारीख आहे.”

“ऑफिस साडेदहाला उघडतं. तू दहाला खिडकीपाशी उभी राहा. आणि मार्कशीट ने.”

“सगळ्या?”

“केटीचीसुद्धा.”