ट्रॉलीचा इंडिकेटर बंद? बल्ब आपणच बदला



गाळप हंगामात ट्रॉली भरून फडातून निघायलाच अंधार पडतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे वळतो आणि मागच्या ट्रॉलीचा इंडिकेटर बंद असला, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते वळण कळायचे कसे? आम्ही ड्रायव्हरला विचारतो तेव्हा उत्तर ठरलेले, "वायरमन भेटला की बघतो, साहेब." वायरमन काही फडात येत नाही. हे काम यार्डात नंबर लागेपर्यंत उरकते.

इंजिन बंद करून किल्ली काढावी, चाकाला दगड लावावा. काचेचे दोन स्क्रू सोडले की बल्ब दिसतो. तापलेला असेल तर थोडे थांबावे. आत दाबून डावीकडे फिरवला की तो बाहेर येतो. आतली तार तुटली असेल किंवा काच काळी पडली असेल तर तो गेला. नवा घेताना जुना दुकानात न्यावा. इंडिकेटरला बहुधा १२ व्होल्ट २१ वॅटचा, एका टोकाचा बल्ब लागतो. ब्रेक आणि टेल एकत्र असलेला २१/५ वॅटचा, त्याला खाली दोन टोके असतात आणि बाजूच्या खुंट्या वरखाली असतात. तो एकाच बाजूने बसतो, जबरदस्ती करू नये.

आता खरी गोम. पुष्कळदा बल्ब चांगलाच असतो, अर्थिंग गेलेले असते. उसाचा रस, धूळ, पाणी यांनी होल्डर गंजतो. इंडिकेटर लावल्यावर टेल दिवाही मिणमिणू लागला तर अर्थिंगवरच संशय घ्यावा. होल्डर आणि चासीला जोडलेली काळी वायर पॉलिश पेपरने घासून घट्ट करावी. ट्रॅक्टर-ट्रॉलीमधला प्लगही पाहावा, ओढाताणीत तोच आधी सैल होतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर मात्र तिथे जाड तार घालू नका, वायर जळते. तेवढ्यासाठी वायरमनच हवा.

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. फार भराभर लागला किंवा नुसता पेटून राहिला, तर त्या बाजूचे सगळे दिवे तपासावेत.

दिवा चालू असूनही वाढे त्यावर लोंबत असतील तर उपयोग काय? ते कोयत्याने छाटावेत. फडातून निघताना एकाला मागे उभे करावे, त्याने "डावा लागला, उजवा लागला" असे ओरडून सांगितल्यावरच गाडी हलवावी.