विश्लेषण : पुठ्ठ्याचा मोठा खोका शेकडो किलोंचा भार पेलतो कसा? पावसाळ्यात तो खचतो का?

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील लहान गाळ्यांत स्टीलची भांडी आणि इतर बराच माल तयार होतो. तो साठवायला आणि परदेशी पाठवायला लाकडी पेटीऐवजी पुठ्ठ्याचा मोठा खोका सोयीचा पडतो. मात्र खाडीकाठच्या दमट हवेत त्याच्या ताकदीचे गणित बदलते.

हा खोका वेगळा कसा?

घरपोच वस्तूंचे खोके बहुधा तीन पदरी असतात. मोठ्या खोक्यासाठी पाच किंवा सात पदरी पुठ्ठा लागतो. सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद खळीने चिकटवलेला असतो. त्याच्या उभ्या नाल्या खांबासारखा भार पेलतात. भरलेला खोका पॅलेटसह फोर्कलिफ्टने उचलतात. रिकामा झाल्यावर तो घडी करून भिंतीला लावून ठेवता येतो.

निर्यातीत फायदा काय?

लाकडातून कीड परदेशी जाऊ नये यासाठी ‘आयएसपीएम-१५’ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवून किंवा अन्य मान्य प्रक्रिया करून त्यावर शिक्का मारावा लागतो. पुठ्ठ्याला हा नियम लागू नाही. पण खालचे पॅलेट लाकडी असेल, तर त्यावर शिक्का हवाच.

आकार कोणता घ्यावा?

जहाजी कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर असते. त्यामुळे १.२ मीटर रुंदीचे दोन खोके शेजारी बसत नाहीत, १.१ मीटरचे बसतात. ऑर्डर देण्यापूर्वीच हे मोजावे.

पावसाळ्यात काय होते?

कागद हवेतील ओलावा शोषतो. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की खोक्याची ताकद जवळपास निम्मी होते. महिनाभर भाराखाली राहिला, तर ती आणखी सुमारे ४० टक्क्यांनी घटते. समजा, कोरड्या हवेतील चाचणीत खोक्याने १,५०० किलो पेलले. दमट हवेत उरले ७५० आणि महिन्यानंतर ४५०. आता ३०० किलोंचे तीन खोके एकावर एक रचले, तर तळच्या खोक्यावर ६०० किलो येतात. तो खचणारच. थप्पी कोसळली की मालाचे नुकसान होतेच, शेजारी काम करणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते.

काळजी काय घ्यावी?

भार मुख्यतः कोपऱ्यांवर येतो. म्हणून कोपऱ्यावर कोपरा ठेवूनच रचावे. विटांसारखी सांधेमोड केल्यास ताकद बरीच घटते. खोका पॅलेटच्या कडेबाहेर जाऊ देऊ नये. जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. फुगलेला किंवा ओला खोका तळाशी वापरू नये. आणि पावसाळ्यात थप्पीचा एक थर कमी करावा. वरच्या हिशेबात दोनच खोके रचले असते, तर तळच्यावर ३०० किलोच आले असते आणि तो टिकला असता.